तारामती काय म्हणाली?

दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ मी पहिल्यांदा पाहिला तो बसमध्ये, फोनवर. संध्याकाळी हिंजवडीहून घरी येताना ट्रॅफिक तुंबलेलं होतं, इअरफोन ऑफिसच्या टेबलावर राहिले होते. शेजारच्याला त्रास नको म्हणून आवाज बंद केला आणि पाहायला लागलो. पाच-सहा मिनिटांनी लक्षात आलं आणि स्वतःशीच हसलो. मी एका मूकपटाचा आवाज बंद केला होता.

घरी येऊन आवाज चालू केला. सतार वाजत होती. ती त्या सिनेमाची नव्हती. अपलोड करणाऱ्याने शंभर वर्षांनी बसवलेली होती. त्याला बिचाऱ्याला शांतता सोसली नसावी. मग मी पुन्हा आवाज बंद केला आणि पहिल्यापासून पाहिलं. या खेपेला नजर हरिश्चंद्रावर न राहता त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या तारामतीवर गेली. मूकपटातली पात्रं गप्प नसतात. ती बोलतात, ओठ हलतात, हातवारे होतात. फक्त ते आपल्यापर्यंत पोचत नाही. आणि मधेच येणारी पाटी सांगेल तेवढंच आपण ‘ते बोलले’ असं धरून चालतो.

पाटीवर न आलेलं तारामती काय म्हणाली, हा प्रश्न त्या रात्री डोक्यात शिरला तो अजून गेलेला नाही.

*

आधी एक गैरसमज काढून टाकू. मूकपट पाहणं हा शांत अनुभव नव्हता.

३ मे १९१३ ला गिरगावातल्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. त्या खेळात नुसता सिनेमा नव्हता. सोबत नाच होता, विनोदी प्रवेश होता, पायांनी वस्तू झेलणारा कसरतपटूही होता. एका नव्या, अनोळखी गोष्टीला लोकांनी पैसे द्यावेत म्हणून ही सगळी मदत. पुढच्या वर्षांत थिएटरात पेटी-तबला घेऊन वादक बसू लागले. पडद्यावर पाटी आली की वाचता येणारे ती मोठ्याने वाचत, न येणाऱ्यांसाठी. काही ठिकाणी गोष्ट समजावून सांगणारा माणूसच पडद्याशेजारी उभा असे. देव प्रकटला की प्रेक्षक हात जोडत, राक्षस आला की ओरडत. ज्या देशात बहुतेकांना अक्षरओळख नव्हती, तिथे मूकपट हे गर्दीने मिळून, आवाज करत वाचायचं पुस्तक होतं.

सेटवरही तेच. कॅमेरा हाताने फिरवायचा, आवाज टिपायचाच नाही, त्यामुळे दिग्दर्शक शॉट चालू असताना ओरडून सूचना देऊ शकत होता. हात वर कर, आता मागे बघ, रड.

आणि गंमत म्हणजे त्या काळात ‘मूकपट’ म्हणायची कुणाला गरजच नव्हती. सिनेमा तो सिनेमा. दुसरा प्रकारच नसेल तर पहिल्याला विशेषण कशाला लागेल? मोबाइल आल्यावर घरातला फोन ‘लँडलाइन’ झाला, तसं हे नाव मागून चिकटलेलं आहे. बोलपट आला तेव्हा आधीचा सगळा सिनेमा मुका ठरला. एखाद्याला मुका म्हणायला आधी बोलणारा दुसरा कुणीतरी लागतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

*

आता तारामतीकडे येऊ.

हरिश्चंद्राची गोष्ट आपल्याला आजीकडून ठाऊक असते. राजाने शब्द दिला, राज्य गेलं. दक्षिणा द्यायची राहिली म्हणून त्याने बायकोला विकलं, मुलाला विकलं, स्वतःलाही विकलं आणि स्मशानात राखण करत राहिला. सत्य सोडलं नाही. या गोष्टीत सगळं काही एका शब्दाभोवती फिरतं. शब्द त्याने दिला आणि विकली गेली ती. तो शब्द देण्याआधी तिला कुणी विचारलं होतं का, हे गोष्टीत येत नाही. फाळक्यांच्या कथानकात तर तिच्यावर काशीच्या राजपुत्राच्या खुनाचा खोटा आळ येतो आणि ती तो नाकारत नाही, कबूल करते. तिचं डोकं उडवायचं काम नवऱ्याकडेच येतं. तो तलवार उचलतो, मग देव प्रकट होतो आणि परीक्षा संपते. परीक्षा त्याची होती, हे सगळ्यांना मान्य असतं.

या तारामतीसाठी फाळक्यांना बाई मिळेना. सिनेमात काम करणं इतकं हलकं समजलं जाई, की पुरुष नटांनाही घरी ‘हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहे’ असं सांगावं लागे, अशी आठवण सांगतात. परेश मोकाशींच्या २००९ च्या सिनेमाचं नाव तिथूनच आलं. फाळके वेश्यावस्तीतही विचारून आले, तिथूनही नकार आला. शेवटी ग्रँट रोडच्या एका खाणावळीत काम करणारे अण्णा साळुंके सापडले. सडपातळ बांधा, नाजूक हात. तिथे महिना दहा रुपये मिळायचे, फाळक्यांनी पंधरा देऊ केले. भारतीय सिनेमाची पहिली नायिका अशी मिळाली. चार वर्षांनी, १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये, याच साळुंक्यांनी राम आणि सीता दोन्ही केले.

त्या घरात एक बाई मात्र होत्याच. सरस्वतीबाई फाळके. दादासाहेबांनी १९११ मध्ये गिरगावात ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा सिनेमा पाहिला आणि त्यांना झपाटलं, तेव्हापासून सरस्वतीबाई या वेडात होत्या. विम्याची पॉलिसी गहाण पडली, दागिने गेले. १९१२ मध्ये दादासाहेब लंडनला जाऊन विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. कच्च्या फिल्मच्या कडेला छिद्रं पाडावी लागत. अंधारात बसून हे काम सरस्वतीबाई करत. फिल्म धुण्याची रसायनं कालवत. उन्हात पांढऱ्या चादरी धरून उभ्या राहत, नटांच्या तोंडावर उजेड पडावा म्हणून. आणि दादरच्या त्या घरात राहणाऱ्या सगळ्या मंडळींचा स्वयंपाक. तारामतीचं काम तूच कर, असं दादासाहेबांनी त्यांना म्हटलं होतं आणि त्यांनी नकार दिला, असं सांगतात. बाकीची कामं कोण करणार, हे त्याचं कारण.

मी इंजिनियर आहे, त्यामुळे मला ही यादी वाचताना सवयीने पदं दिसायला लागतात. फिल्म प्रोसेसिंग, लाइटिंग, प्रॉडक्शन, केटरिंग, फायनान्स. आजच्या श्रेयनामावलीत पाच ओळी झाल्या असत्या.

दादासाहेबांनी पुढे ‘नवयुग’ मासिकात लेखमाला लिहून स्वतःच्या धडपडीची हकिगत सांगितली. त्यांचा आवाज आपल्यापर्यंत पोचला, आणि तो छान आहे. हट्टी, मिश्कील, थोडा नाट्यमय. सरस्वतीबाई मात्र आपल्याला भेटतात त्या जवळजवळ नेहमी दुसऱ्या कुणाच्या तोंडून. त्या बोलत नव्हत्या असं नाही. साठ-सत्तर माणसांचं घर चालवणारी बाई गप्प राहून कसं चालवेल? त्या पाटीवर आल्या नाहीत, इतकंच.

*

याच मुंबईत, मूकपट ऐन भरात असताना, ३१ जानेवारी १९२० ला एक पाक्षिक निघालं. नाव ‘मूकनायक’.

बाबासाहेब आंबेडकर तेव्हा सिडनहॅम कॉलेजात शिकवत होते. वय २८. (मी हे वाक्य लिहिताना थोडा थांबलो. माझं वयही तेच आहे.) सरकारी नोकरीत असल्यामुळे संपादक म्हणून पांडुरंग नंदराम भटकरांचं नाव लागलं, पण पहिल्या अंकातला ‘मनोगत’ हा लेख बाबासाहेबांचा. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली होती. पहिल्याच लेखात बाबासाहेबांनी हिंदू समाजाला अनेक मजल्यांच्या, पण जिना नसलेल्या मनोऱ्याची उपमा दिली. ज्या मजल्यावर जन्म, त्याच मजल्यावर मरण.

मला या सगळ्यात सर्वांत जास्त अडकवून ठेवतं ते ‘मूक’ हे नाव. अस्पृश्य समाज मुका होता का? जरा आठवा. तमाशाचे फड, शाहिरी, वग, जलसे, पोतराजाची गाणी, जात्यावरच्या ओव्या. महाराष्ट्रातला सगळ्यात खणखणीत आवाज ज्या वस्त्यांतून यायचा, त्याच वस्त्यांना वर्तमानपत्रात जागा नव्हती. त्यांनी गायलेलं चालत होतं. त्यांची तक्रार चालत नव्हती. ‘मूकनायक’ निघतंय याची जाहिरात पैसे मोजून छापायलाही ‘केसरी’ने नकार दिला, हे नंतर खुद्द बाबासाहेबांनीच नोंदवून ठेवलं. माणूस बोलतो, आणि त्याच्या बोलण्याची बातमीसुद्धा छापली जात नाही. मग बाहेरून पाहणाऱ्याला तो मुकाच दिसणार.

म्हणजे ‘मूक’ हे विशेषण माणसाच्या कंठाचं वर्णन करत नाही. पडदा कोणाचा, छापखाना कोणाचा, पाट्या कोण लिहितो, याचं ते वर्णन असतं. बाबासाहेबांनी तो शब्द उचलला आणि थेट मथळ्यावर लावला, तेव्हा त्यांनी तो स्वीकारला असं मला वाटत नाही. त्यांनी तो परत केला. तुम्ही आम्हाला मुके म्हणता ना, हे घ्या.

*

१४ मार्च १९३१ ला गिरगावातल्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला आणि हिंदुस्थानी सिनेमा बोलायला लागला.

त्याच्या चित्रीकरणाची एक हकिगत मला फार आवडते. अर्देशीर इराणींच्या स्टुडिओजवळून रेल्वेचे रूळ जात. दिवसभर गाड्यांचा खडखडाट. मायक्रोफोन तो सगळा टिपणार. म्हणून बरंचसं चित्रीकरण रात्री, गाड्या थांबल्यावर, एक ते चारच्या दरम्यान केलं गेलं. सेटवर टाचणी पडलेली चालायची नाही. अठरा वर्षं सिनेमा मुका होता तेव्हा सेटवर कलकलाट होता, आणि सिनेमा बोलायला लागला तेव्हा माणसांना पहिल्यांदा गप्प बसावं लागलं.

दुसऱ्या वर्षी, १९३२ मध्ये, कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीने पहिला मराठी बोलपट काढला. ‘अयोध्येचा राजा’, दिग्दर्शक व्ही. शांताराम. गोष्ट तीच, हरिश्चंद्राची. राजा झाले गोविंदराव टेंबे, आणि तारामती दुर्गा खोटे. सुशिक्षित, प्रतिष्ठित घरातली मुलगी सिनेमात आली म्हणून केवढी चर्चा झाली. पार्श्वगायन अजून यायचं होतं. जो नट दिसे त्यानेच बोलायचं आणि गायचं. १९१३ ते १९३२. खाणावळीतल्या पुरुषाच्या हलणाऱ्या ओठांपासून एका बाईच्या स्वतःच्या गळ्यापर्यंत यायला तारामतीला एकोणीस वर्षं लागली. (तिला बोलायला दिलेले शब्द मात्र तेच, पतिव्रतेचे. एकोणीस वर्षांत तेवढं होणार नव्हतं.)

पण बोलपटाने आणखी एक गोष्ट आणली, जिचा मी आधी कधी विचार केला नव्हता. बाबूराव पेंटरांनी १९२५ मध्ये ‘सावकारी पाश’ हा मूकपट केला. देवादिकांच्या गोष्टींच्या लाटेत त्यांनी कर्जात बुडून जमीन गमावणाऱ्या शेतकऱ्याची गोष्ट सांगितली. शेतकरी होते तरुण शांताराम. १९३६ मध्ये पेंटरांनी तोच सिनेमा पुन्हा, आवाजासह काढला. जे. बी. एच. वाडिया हे निर्माते-दिग्दर्शक पुढे आठवण सांगताना म्हणाले, की मूकपट त्यांना अंधुकसा आठवतो, पण बोलपटातला एक शॉट विसरता येत नाही: अंधुक उजेडात दिसणारी एक उदास झोपडी, आणि कुत्र्याचं रडणं. बाकी काही नाही.

विचार करा. झोपडी मूकपटातही दाखवता आली असती. अंधारही. पण सगळाच सिनेमा निःशब्द असेल तर एका झोपडीची शांतता वेगळी ऐकू येणार कशी? लांबवर एक कुत्रं रडलं तेव्हा ती ऐकू आली. म्हणजे सिनेमात शांतता आली ती बोलपटाबरोबर. बोलू शकणारा पडदा जेव्हा न बोलायचं ठरवतो, तेव्हा आपण खुर्चीत सावरून बसतो. गोष्ट सांगणाऱ्या कुणालाही हे कळतं. आजी गोष्ट सांगता सांगता मध्येच थांबायची आणि चूल सारखी करायची. राक्षस दाराशी आलेला असायचा. ती थांबली म्हणूनच आम्हाला त्याच्या पायांचा आवाज यायचा.

पण आजी थांबली तर तिला पुन्हा सुरू करता येत होतं. मला वाटतं फरक इथे आहे. ज्याच्या हातात आवाजाचं बटण आहे, त्याचं मौन ही ताकद असते. ज्याचं बटण दुसऱ्याच्या हातात आहे, त्याच्या मौनाला आपण संयम, शालीनता, सहनशीलता अशी चांगली चांगली नावं देतो आणि पुढे जातो.

*

हे मी शहाणपणाने लिहितोय, पण शिकलोय एका चुकीतून, आणि ती चूक माझी आहे.

मागच्या वर्षी आमच्या टीमचा एक रिलीज होता. कॉल मी चालवत होतो. तेरा जण, बहुतेकांचा माइक म्यूट. शेवटी मी विचारलं, “कुणाला आणखी काही?” तीन-चार सेकंद कुणी बोललं नाही. मी मिनिट्समध्ये लिहिलं: कुणाचीही हरकत नाही.

रात्री रिलीज झाला. डॅशबोर्ड हिरवागार, एकही एरर नाही. आमच्या धंद्यात सगळ्यात भयंकर बिघाड तो, जो आवाज करत नाही. सिस्टिम कोसळली तर निदान कळतं. पण काम थांबलेलं असतानाही सगळं आलबेल दिसत असेल, तर नुकसान गुपचूप साचत जातं. तसंच झालं. लोकांचे परताव्याचे पैसे रात्रभर अडकून पडले होते आणि आम्हाला त्याची खबर नव्हती, कारण चूक झाली की नोंद करणारी ओळच नव्या कोडमधून गळाली होती.

दुसऱ्या दिवशी टीममधली सगळ्यात नवी मुलगी मला म्हणाली, “मी कॉलवर सांगायचा प्रयत्न केला होता.” मला आठवेना. मी रेकॉर्डिंग काढून ऐकलं. तिने खरंच सुरुवात केली होती: “एक शंका होती, परताव्याच्या...” आणि तिच्या वाक्यावर माझा आवाज येतो, अगदी हसतमुख: “ते आपण नंतर बघूया.” त्यानंतर दहा मिनिटांनी मी विचारलं, कुणाला आणखी काही? ती कशाला बोलेल? आपोआप तयार झालेल्या लिखित नोंदीत तिचं अर्धं वाक्य आलंही नव्हतं. यंत्रालासुद्धा दोन आवाजांतला मोठा कळला. रेकॉर्डिंग पुसलं गेलं असतं, तर इतिहास म्हणून माझी ती ओळ उरली असती. कुणाचीही हरकत नाही.

त्या मौनाला मी संमती म्हटलं होतं. मराठीत आपण सहज म्हणतो, मौन म्हणजे संमती. हे वाक्य नेहमी प्रश्न विचारणाराच म्हणतो, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

त्या आठवड्यात मी विजय तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ पुन्हा वाचलं. १९६७ साली रंगायनने ते रंगमंचावर आणलं, दिग्दर्शक अरविंद देशपांडे, आणि लीला बेणारे सुलभा देशपांडे. हौशी नटांची मंडळी वेळ घालवायला म्हणून खोटं कोर्ट भरवतात, आणि बघता बघता ते बेणारेच्या खऱ्या आयुष्यावर घसरतं. शीर्षकातला पहिला शब्द हा हुकूम आहे. न्यायाच्या नावाने सगळ्यात आधी शांतता मागितली जाते, आणि ती नेमकी एकाच व्यक्तीला पाळावी लागते. बाकी सगळे तिच्याबद्दल मनसोक्त बोलतात. शेवटी तिला बाजू मांडायला मोजके सेकंद मिळतात. उजेड बदलतो, इतर पात्रं जागच्या जागी थिजतात, आणि बेणारे बोलते. मराठी रंगभूमीवरच्या सगळ्यात गाजलेल्या स्वगतांपैकी ते एक. ते संपतं, पात्रं हलू लागतात, आणि कोर्टाच्या लेखी वेळ संपलेली असते. आरोपी काहीच बोललेली नसते.

आपण प्रेक्षकांत बसून ते सगळं ऐकलेलं असतं. त्या कोर्टाच्या मिनिट्समध्ये मात्र त्यातलं अक्षरही नाही. तारामतीने काशीच्या दरबारात खोटा आळ कबूल केला तेव्हा तिलाही असेच काही सेकंद मिळाले असतील का? पाटी नाही, त्यामुळे माहीत नाही.

*

भारतात तेराशेच्या वर मूकपट निघाले. आज त्यातले पूर्ण किंवा तुटक असे जेमतेम तीसेक उरले आहेत. ‘आलम आरा’ची एकही प्रत नाही. १९२५ चा ‘सावकारी पाश’ नाही. तेव्हाची नायट्रेटची फिल्म भराभरा पेट घेई आणि नुसती पडून राहिली तरी कुजे. शिवाय तिच्यात चांदी असे. खेळ संपलेल्या सिनेमाची रिळं चांदी काढण्यासाठी विकली गेली. जे वाचलं त्यातलं बरंच पी. के. नायर यांच्यामुळे. १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं आणि या माणसाने रिळं शोधत देश पालथा घातला. नाशिकला फाळक्यांच्या कुटुंबाकडून मिळालेले तुकडे जोडले, तेव्हा कुठे आपल्याला फाळके पाहायला मिळाले. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी सुमारे ३,७०० फूट होती. हाती आहेत सुमारे १,४७५ फूट, पहिलं आणि शेवटचं रीळ. तीही १९१३ ची की १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या आवृत्तीची, यावर अभ्यासकांत वाद आहे. म्हणजे तारामतीच्या कपाळी आलेली शांतता दुहेरी आहे. एक तिच्या काळाच्या यंत्राची, दुसरी आपल्या निष्काळजीपणाची.

दोन बायका सांगतो आणि थांबतो.

फाळक्यांच्या दुसऱ्या सिनेमात, ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये, अखेर बायका आल्या. दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची मुलगी कमलाबाई मोहिनी. भारतीय पडद्यावरच्या पहिल्या स्त्रिया. कमलाबाई पुढे कमलाबाई गोखले झाल्या, आयुष्यभर रंगभूमीवर वावरल्या. विक्रम गोखल्यांच्या त्या आजी. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला रीना मोहन यांनी त्यांच्यावर माहितीपट केला, ‘कमलाबाई’. नव्वदीला टेकलेली म्हातारी कॅमेऱ्यासमोर बसून हवं ते, हव्या त्या क्रमाने बोलते. त्यांचा सिनेमा हरवला, पण त्यांचं म्हणणं राहिलं. कुणीतरी वेळेवर माइक घेऊन गेलं.

दुसरी पी. के. रोझी. त्रिवेंद्रमला जे. सी. डॅनियल यांनी पहिला मल्याळी सिनेमा काढला, ‘विगतकुमारन’. दलित समाजातल्या रोझीने त्यात नायर स्त्रीची भूमिका केली. सिनेमा लागला तेव्हा प्रेक्षकांतल्या सवर्णांना ते सहन झालं नाही. पडद्यावर दगड पडले. रोझीला गाव सोडून पळावं लागलं आणि ती पुन्हा कधी पडद्यावर दिसली नाही. सिनेमाही उरला नाही. तिच्याकडे कुणी वेळेवर माइक नेला नाही.

दोघींच्या मौनाला एकच शब्द वापरला, तर आपण पुन्हा ‘कुणाचीही हरकत नाही’ असंच लिहू.

हल्ली मी कॉलवर विचारतो तेव्हा ‘कुणाला काही?’ असं विचारत नाही. नाव घेऊन विचारतो आणि मग थांबतो. तीन-चार सेकंदांपेक्षा बराच जास्त वेळ. सुरुवातीला हे फार अवघड जायचं, कारण चालू कॉलवरचे दहा सेकंद केवढे मोठे असतात ते चालवणाऱ्यालाच ठाऊक. पण बहुतेक वेळा सहाव्या-सातव्या सेकंदाला कुणाचा तरी माइक सुरू होतो.

परवा बसमध्ये पुन्हा ‘राजा हरिश्चंद्र’ लावला. आवाज बंद. रोहिताश्व बाण सोडायला शिकतोय, राजा शिकवतोय, तारामती बाजूला उभी आहे. साळुंक्यांचा चेहरा, नेसवलेली साडी. मी बोटाने व्हिडिओ मागे घेतला आणि ती बाजूला उभी असलेली तेवढीच सेकंदं पुन्हा पाहिली.